अडीच फोडींचा ठहराव

आमच्या मागच्या खोलीत वीस वर्षं एक नट भाड्यानं राहत होते, असं मी सांगितलं की माणसं पहिलं विचारतात, कोणत्या सिनेमात होते? मग मी सांगते, पाच सिनेमांत होते, पण पाचही मिळून तुमचा एक कप चहा संपेल तेवढाच वेळ होते, आणि त्यातल्या एकात तर नुसती पाठ. एवढं सांगितलं की लगेच समोरच्याचं तोंड उतरतं. उतरू दे. त्या माणसांनी त्यांना सायकलवर पाहिलेलं नाही.

सायकलचं आधी सांगते. ते तार ऑफिसात होते. पाचपावलीतून सकाळी साडेनवाला निघायचे, ते हातात असलेल्या नाटकातलं भाषण म्हणत म्हणत. बोलणं चालू तोवर पाय चालू. वाक्यात थांबायची जागा आली की पायडल थांबायचं. सायकल आपली हळू हळू होत अगदी पडायच्या बेतात आली की पुढचं वाक्य. एकदा रेल्वे फाटकापाशी असेच थांबले, आणि मागं वाडीकडे निघालेला ट्रक. ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, खाली उतरून आला. "बाबूजी, चलोगे या उतरोगे?" हे म्हणाले, "रुको भाई, अभी अभी उसका बाप मरा है." तो ड्रायव्हर बिचारा डोक्याचा गमछा काढून उभा राहिला म्हणे. हे त्यांनीच सांगितलेलं, तेव्हा थोडं कमी-जास्त धरा.

मी या घरात सून होऊन आले ती मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी. मी चौथी पास होते. चार-सहा वर्षांनी हे नट भाड्यानं आले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. चाळिशीचे असतील, लग्न केलेलं नव्हतं. मूळचे काटोलकडचे, घरची संत्र्याची बाग, ती त्यांचे थोरले बंधू पाहायचे. आमच्या घरात खोली घेतली म्हणून ते बंधू त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मग दर हंगामाला संत्र्याचं टोपलं बसवर टाकून द्यायला लागले, पण स्वतः कोणी आमच्या दारात आले नाहीत. भाऊ मात्र माझ्या सासूबाईंच्या चुलीसमोर पाट ओढून बसायचे, आणि भाकरी करपली असेल तर करपली म्हणायचे. एवढं तर माझे मालकही म्हणत नव्हते.

एका दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते. भाऊ शंभर पानी वही घेऊन समोर उभे राहिले.

"वहिनी, तुमाले वाचता येते काय?"

"येते. जोडाक्षरं अडतात."

"अडू द्या. मी अडलो की तुम्ही सांगा, तुम्ही अडल्या की मी सांगतो."

चुलीपाशी आत्याबाई होत्या. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. त्या आतूनच म्हणाल्या, "काहून गा, माझ्या सुनेले आता नाटकात नाचवतं काय?"

"नाही आत्याबाई, फक्त बुक धरायले सांगून राहिलो."

"तुह्ये हात काय भाड्यानं देल्ले?"

मामंजी खाटेवर पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "वाचू दे. बाई वाचून राहिली म्हणून घर काही पडत नाही."

झालं. त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. पुस्तक वाचून मनात पाठ करणं भाऊंना जमायचं नाही, समोर कोणीतरी वही धरून बसलेलं लागायचं. तांदूळ, मिरच्या, गहू, मी काहीही निवडत असले तरी वही मांडीवर. 'विश्वासघात' हा शब्द मला पहिल्यांदा आला तेव्हा भाऊ लाटण्याचा खंजीर करून उभे होते. मी चार वेळा अडले. तेवढा वेळ ते लाटणं वर धरूनच उभे. मी शेवटी शब्द काढला तेव्हा खंजीर खाली घेऊन म्हणाले, "वा. आता मारतो." आज मी हे चार शब्द लिहिते आहे ते त्या वह्यांच्या जिवावर.

आता ठहरावाचं. नाटकवाले त्याला पॉज म्हणत, भाऊ ठहराव म्हणायचे. वाक्य आणि वाक्य यांच्यामधलं गप्प राहणं. त्याचं त्यांना असं वेड होतं की बोलणं ही नुसती तिथवर पोचायची वाट. म्हणायचे, "तारेत कट्ट अन् कड, दोनच आवाज असतात वहिनी. पण मधली जागा चुकली तं बारशाचं मरण होते." आणि हा ठहराव किती लांब ठेवायचा हे मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, संत्रं होतं. एक फोड तोंडात टाकायची, सावकाश चावायची, बिया काढायच्या, चोथा काढायचा. तेवढा वेळ म्हणजे एक फोड. वहीत पेन्सिलीनं अर्धचंद्र काढून ठेवायचे. एक चंद्र असला तर एक फोड, दोन असले तर दोन. मी वही धरून फोडी खायची आणि संपली की मान हलवायची, की ते बोलायचे.

आत्याबाई पाहत राहायच्या. "काय वं, याचं नाटक आहे का तुह्यं डोहाळजेवण?"

भाऊंची आणखी एक म्हण होती. खेळ चालू असताना नट अडला तर पडद्याआड, विंगेत, वही धरून बसलेला माणूस त्याला शब्द पुरवतो. भाऊ म्हणायचे, विंगेत पाहणारा नट म्हणजे सासरी पाट्यावर बसून माहेरचा रस्ता पाहणारी सून. तिचं वाटण कधी बारीक होत नाही. अख्ख्या जन्मात मी कधी विंगेत पाहिलं नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

पहिली नाट्यस्पर्धा आली तेव्हा भाऊंच्या नाटकसंस्थेचा नेहमीचा बुक धरणारा काविळीनं पडला. भाऊंनी माझं नाव सांगितलं. दिग्दर्शक म्हणजे एका शाळेतले ड्रॉइंग मास्तर, त्यांना ते पसंत नव्हतं. विंगेत बाई कशी, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणाले, "मंग मीही नाही." मास्तरांनी मान्य केलं, पण एक अट घातली. विंगेत काही खायचं नाही. म्हणजे माझं घड्याळच काढून घेतलं.

नाटक असं होतं. एक विधुर शाळामास्तर. पोरीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढलेलं. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. शेवटी पोर बारा वर्षांनी दारात येऊन उभी राहते. मास्तर दाराच्या चौकटीत उभा, पोर बाहेर, शेजारीपाजारी पाहताहेत. मास्तर काहीच बोलत नाही. तिथं वहीत अडीच चंद्र. आणि मग एकच वाक्य, 'आत ये. ताट वाढलंय.'

भाऊ मास्तर होते. चौकटीत उभे राहिले. थांबले. हॉलमध्ये एवढी माणसं, आणि शिवण टाकल्यासारखी सगळ्यांची तोंडं बंद. मी मनातल्या मनात फोड खायला लागले, पण रिकाम्या तोंडानं फोड मोजता येते होय? मला वाटलं दोन झाल्या, मला वाटलं चार झाल्या, मला वाटलं हे अडले. आणि मी सांगितलं. हळू सांगायचं असतं हेही विसरले. अंगणातून मालकांना जेवायला हाक मारते तशी खणखणीत बोलले, "आत ये. ताट वाढलंय."

अख्ख्या हॉलनं ऐकलं. ड्रॉइंग मास्तरांनी पलीकडच्या विंगेत कपाळाला हात लावला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सावकाश मान वळवली ती स्टेजवरच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मग पोरीला म्हणाले, "ऐकलंस ना?" आणि दारातून बाजूला झाले.

बाया ढसाढसा रडल्या. लोकांना वाटलं, मेलेल्या आईनं पोरीला आत बोलावलं. भाऊंना रौप्यपदक मिळालं आणि परीक्षकांनी त्या आतल्या आवाजाच्या कल्पनेचं भाषणात वेगळं कौतुक केलं. ड्रॉइंग मास्तरांनी उठून नमस्कार केला.

भाऊ माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पदक आणून आमच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी ठेवलं.

"हे तुमचं आहे वहिनी. तुमच्या चुकीनं भेटलं."

"भाऊ, मला वाटलं तुम्ही अडले."

"मी दीड फोडीवर होतो. पब्लिक माह्यासोबत थांबून होतं. अजून एक फोड थांबलं असतं का, हे मले पाहायचं होतं." मग म्हणाले, "पदक गेलं तरी चालते. माह्या ठहरावाले पुन्हा हात लावू नका."

मी कान धरले. पुढं किती नाटकं झाली, कुठं कुठं गेलो, झाडीपट्टीकडच्या गावांत मांडवात खेळ केले, कामठीला केले. विंगेत माझ्या पदराखाली संत्रं असायचं, आता मास्तरही काही म्हणत नसत. भाऊंच्या ठहरावाला मी कधी हात लावला नाही. पण त्या नाटकाचा खेळ काही पुन्हा झाला नाही. पोरीचं काम करणारी मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, आणि ते राहूनच गेलं. आणि बाकीच्या नाटकांत अडीच फोडींची जागा कुठे नव्हती. फार तर एक, सव्वा.

मग सिनेमा. मुंबईचा कोणी दिग्दर्शक स्पर्धेचा खेळ पाहून गेला होता. त्यानं पत्र पाठवून बोलावलं. भाऊंनी बिनपगारी रजा टाकली. काम होतं पोस्टमास्तरचं. घरातल्या कर्त्याच्या हातात तार द्यायची आणि म्हणायचं, 'वाईट बातमी आहे.' एवढंच. पण भाऊंना आपली जन्माची कमाई तिथं घालायची होती. मला म्हणाले, "वहिनी, तारवाल्याले मरण सगळ्यांच्या आधी समजते. घरच्याईच्याही आधी. तो लगेच कसा बोलीन?"

पंधरा दिवसांनी मुंबईहून पोस्टकार्ड आलं. घरात मी एकटीच भराभर वाचणारी, म्हणून मीच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'काम झाले. पूर्ण एक फोड घेतली. कॅमेरा चालू होता. कोणी कट म्हणाले नाही. आत्याबाईंस नमस्कार.' मामंजींनी ते पुन्हा वाचायला लावलं.

वर्षभरानं तो सिनेमा सीताबर्डीच्या टॉकीजला लागला. अख्खं घर, शेजारची दोन घरं, तार ऑफिसातले लोक, असे सगळे गेलो. भाऊ इस्त्रीच्या कोटात. मी पर्समध्ये संत्रं नेलं होतं, त्यांनीच सांगितलं होतं. दार वाजलं, पोस्टमास्तर आला. मी फोड हातात घेतली. तार दिली. 'वाईट बातमी आहे.' आणि पडद्यावर एकदम बाईची किंकाळी आणि बाजा. फोड माझ्या हातातच राहिली.

कापलं होतं. तार देणं आणि बोलणं एकमेकांना चिकटवून टाकलं होतं.

आत्याबाई अंधारात म्हणाल्या, "हा तं तोंड दाखवाले आला अन् गेला." कोणी हसलं नाही. भाऊंनी माझ्या हातातली फोड घेतली आणि आत्याबाईंना दिली. "तुम्ही खा," म्हणाले.

पायी येताना गांधीबागेजवळ एकदाच बोलले, "त्याईचं चूक नाही वहिनी. सिनेमाचं पब्लिक फोडभर थांबत नसीन. नाटकाचंही थांबते का, ते तरी मले कुठं माहीत आहे?"

त्यानंतर आणखी चार सिनेमे केले. एकात जज्ज, एकात नवरीचा मामा, एकात स्टेशनमास्तर. आणि एकात ती पाठ. नायक ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो तो खांदा आमच्या भाऊंचा. त्याचं मात्र त्यांना फार कौतुक. "पाहा, पाठीनं किती ऐकून घेतलं," असं म्हणत तो सिनेमा तीनदा पाहिला. पण कोणत्याच कामासाठी वहीत चंद्र काढले नाहीत. संत्री येत, आम्ही नुसती खात असू.

मोहल्ल्यात पहिला टीव्ही आला त्या साली भाऊ रिटायर व्हायला आले. ड्रॉइंग मास्तर आता पांढरे झाले होते. त्यांनी ठरवलं, सत्कार-बित्कार नको, भाऊंच्या नावानं तेच जुनं नाटक पुन्हा करू. पोरीच्या कामाला मास्तरांचीच लेक होती. मी वही काढली. कडा कुरतडलेल्या, पण अडीच चंद्र तसेच होते.

तालमी आमच्याच अंगणात. एका दुपारी भाऊ पायीच घरी आले आणि म्हणाले सायकल चोरीला गेली. माझा मुलगा ऑफिसात जाऊन पाहून आला, तर सायकल स्टँडवर, कुलूप लावलेली. आत्याबाई म्हणाल्या, "म्हातारा झाला गा तू." भाऊ हसले. पण आत्याबाई आत गेल्यावर माझ्यासमोर बसले, आणि वही माझ्या हातातून घेऊन मिटली.

"वहिनी, मास्तराचं काम मले तोंडपाठ आहे. पण आजकाल मधेच एखादं पान कोरं निघते. आपण कोणाच्या दारात उभे आहो, तेच समजत नाही. दोन मिनिटांनी येते परत."

"ड्रॉइंग मास्तरांना सांगू या."

"नाही. काम काढून घेतीन ते. हे एक होऊन जाऊ द्या." मग बोटानं ते चंद्र दाखवले. "अडीच फोडींवर गेलं, तं समजा की मी तिथं नाही. सांगून टाका. पण हळू. मागच्यासारखं नाही."

मी हो म्हटलं. आणि खेळाच्या दिवसापर्यंत मला धड जेवण गेलं नाही. ह्या माणसानं जन्मभर ज्याला हात लावू नका म्हटलं, तोच आता माझ्या हातात देऊन मोकळा झाला होता.

संध्याकाळचा खेळ. हॉल भरलेला. पहिले दोन अंक असे गेले की मी वहीकडे पाहिलंच नाही. मग दार. भाऊ चौकटीत उभे राहिले, पोर बाहेर.

मी पहिली फोड घेतली. चावली, बिया हातात काढल्या. दुसरी. अर्धी. झाली अडीच. भाऊ पोरीकडे पाहत होते. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण तो चेहरा. बारा वर्षांनी पोर दिसलेल्या बापाचा असतो तसा, ओळखीचं वाटतं आहे पण नाव आठवत नाही, आणि आठवावं म्हणून जीव तुटतो आहे, असा. मला वाटलं, हाच तो. हेच ते, ज्यासाठी वीस वर्षं मी संत्री सोलली. मी उरलेली अर्धी खाल्ली. चौथी घेतली. हॉलमध्ये कोणी खोकललं नाही. कुठं खुर्ची वाजली नाही. मी शपथ मोडत होते की पाळत होते, मलाच कळेना.

पाचव्या फोडीला भाऊंचा हात चौकटीवरून सरकला, काही शोधावं तसा. आणि त्यांनी विंगेत पाहिलं.

जन्मात पहिल्यांदा. माझ्याकडे. मी कोण हेही त्या नजरेला माहीत नव्हतं, पण काहीतरी माझ्याकडेच आहे एवढं माहीत होतं.

मी सांगितलं. नातवाच्या कानात सांगते तेवढ्या आवाजात. "आत ये. ताट वाढलंय."

भाऊ पोरीकडे वळले. "आत ये," म्हणाले. "ताट वाढलंय." आणि स्वतःच बाहेर जाऊन तिचा हात धरून तिला आत आणलं. हे वहीत नव्हतं.

पडदा पडल्यावरही टाळ्या लगेच आल्या नाहीत. मग आल्या त्या थांबेनात. मास्तर रडत होते, भाऊंच्या पाया पडायला निघाले, भाऊंनी त्यांना वरच्यावर उचललं.

मेकअपच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा भाऊ आरशासमोर बसले होते. मिशी अर्धी निघालेली.

"किती झाल्या, वहिनी?"

माझ्या जिभेवर अडीच आलं होतं. पण त्यांना मी कधी चुकीचं माप दिलं नव्हतं. मी पदर उघडला. सालं, बिया, आणि उरलेलं अर्धं संत्रं.

"पाच," मी म्हटलं. "चूक माझी. मला वाटलं, तुम्ही आहात."

ते त्या अर्ध्या संत्र्याकडे पाहत राहिले. "पाच फोडी? अन् पब्लिक?"

"बसून होतं."

"कोणी उठलं?"

"नाही."

"खोकललं?"

"नाही भाऊ. कोणी नाही."

हसायला लागले ते. लहान पोरासारखे. मग हसता हसता थांबले. "अन् तेवढ्या वेळ मी कुठं होतो, वहिनी?"

मी म्हटलं, "दारातच होता. पोरीकडे पाहत होता."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. मग हात पुढं केला. मी उरलेलं अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी एक फोड सुटी केली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर मास्तर हाका मारत होते, लोक भेटायला थांबले होते. मी दार लावून घेतलं. वही मांडीवर उघडीच होती.